हिरव्या घासाचा मान

मंडळी, ऐका! आज आख्यानाआधी एक प्रश्न घालतो. उत्तराची घाई नको. घाई केली की माणूस पाठ केलेलं बोलतो, शाळेत साहेब तपासणीला आल्यासारखं! प्रश्न असा — जन्मात एकही शब्द खोटा न बोलता माणूस खोटारडा होऊ शकतो का?

कोण म्हणालं ‘नाही’? तुम्ही का, खांबाला टेकलेले? वा! तुमचे डोळे मिटलेले होते, मला वाटलं समाधी लागली. बरं, तुमचं ‘नाही’ मी लिहून ठेवलं. शेवटी ते बदलायचं असेल तर संकोच करू नका, इथं दंड नाही.

बोला, हर हर महादेव!

आता मन इथं आणा. चपलांकडं नको, चपला आहेत तिथंच आहेत.

जांभूळकुंड नावाचं गाव. नकाशात शोधू नका. गावाच्या वरच्या अंगाला महादेवाचं देऊळ, देवळाच्या पायथ्याशी काळ्या दगडाचं बांधीव कुंड. त्याला बारमाही झरा. त्या पाण्याला गाव पाणी म्हणत नाही. तीर्थ म्हणतं! पोराला दृष्ट लागली, तीर्थ. म्हैस दूध देईना, तीर्थ. जावई नांदवीना — त्यालाही तीर्थ पाजलं असतं, पण तो सासुरवाडीला येतोय कशाला!

तर या गावाची एक रीत. श्रावणी सोमवारचा उपास संध्याकाळी सुटतो तो हिरव्या घासानं. म्हणजे काय? मेथीची कोवळी पानं खुडायची, कुंडात बुडवून काढायची, त्यावर दाण्याचं कूट, मीठ, लिंबू. कच्चीच. चिमूटभर प्रत्येकाच्या हातावर. तो घास पोटात गेल्याशिवाय भाताला हात लावायचा नाही. आणि ही मेथी आणायचा मान एका घराचा. बनकर माळ्यांचा. त्या घरात आता उरली होती भामाबाई. नवरा गेलेला, पोरगा-सून पुण्याला, दिवाळी-उन्हाळ्यात येणारी. ही आपली मळ्यात एकटी, मेथीशी बोलत, माठाला शिव्या देत!

भामाबाईची भाजी म्हणजे काय सांगू! बाजारात तिच्या पाटीपुढं बायका आधी भाजीचा वास घेत आणि मग भांडायला लागत. “भामाबाई, जुडी लहान केलीस!” “जुडी तेवढीच हाय बया, तुझा हात मोठा झालाय!” वर कोथिंबिरीची काडी फुकट पाहिजेच. का हो मावशी, हसताय का? तुम्ही नाही मागत? पिशवी उघडून दाखवा!

हे झालं भामाबाईचं. पण आख्यान तिचं नाही. आख्यान आहे अण्णांचं.

श्रीपतअण्णा गुंजाळ. देवस्थानचे अध्यक्ष. पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा, आणि जिभेवर खोटं नाही. ही नुसती स्तुती नव्हे हो, अनुभव होता गावाचा! सख्ख्या चुलतभावानं बांध कोरला, तर अण्णा मोजणीदारापुढं उभे राहिले आणि म्हणाले, “बांध आमच्या दादानं कोरलाय.” दादा आजतागायत बोलत नाही. तेव्हापासून गावात वाद झाला की म्हणायचे, “अण्णा काय म्हणतात?” अण्णा बोलले की विषय मिटला. माणसाला आयुष्यात एवढंच मिळालं तरी पुष्कळ, नाही का? पण मंडळी, कमावलेली गोष्ट सांभाळायची म्हटली की माणूस काय काय करतो, ते आता ऐका.

अण्णांच्या मनात फार वर्षं होतं, भक्तनिवास बांधायचा. बांधला! दिवसदिवस उन्हात उभं राहून बांधून घेतला. खोल्या झाल्या, संडास झाले, कमान झाली. राहिला शोषखड्डा. तो कुठं घ्यायचा? खालच्या बाजूला घ्यावा तर तिथं रस्ता, आणि रस्त्याला लागून कमान. आता येणाऱ्या भक्ताला पहिलं दर्शन कशाचं? कमानीचं की खड्ड्याचं? अण्णा म्हणाले, “खड्डा मागं घ्या, वरच्या अंगाला.” झालं. वरच्या अंगाला, म्हणजे कुंडाच्या डोक्यावर. मधे उतार, मुरूम आणि कुंडाची जुनी भिंत. कुणी काही बोललं? अहो, अण्णांपुढं कोण बोलणार! सगळे म्हणाले, “कमान काय शोभली!”

श्रावण आला. पाऊस मुरला. भक्तनिवास माणसांनी भरला. सोमवारी शेकडो हातांवर हिरवा घास पडला. भामाबाईनं पहाटे उठून मेथी खुडली होती, देवाची म्हणून एकेक पान बघून घेतलं होतं. कुंडात बुडवली, निथळली, तांब्याच्या परातीत सजवली. “महादेवा, गोड करून घे!”

दुसऱ्या दिवशी गाव आडवं झालं!

उलट्या, हगवण. घरटी दोघं-तिघं. आरोग्य केंद्रात खाटा संपल्या, मग बाकं संपली, मग व्हरांड्यात सतरंज्या. सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजाला बांधल्या. आणि अण्णा? धावत होते! बैलगाडी आण, जीप आण, मिठाचं-साखरेचं पाणी कर. त्यांचं श्रेय त्यांना द्या बरं का, आपल्याला हिशोब चोख ठेवायचाय. ज्या माणसाची उणी बाजू लिहायची त्याची अधिक बाजू आधी लिहावी.

कुणी एक आजी व्हरांड्यातून म्हणाली, “अण्णा, तीर्थ आणा हो जरा. तीर्थानं उतार पडंल.”

अण्णा तांब्या घेऊन कुंडावर गेले. पायऱ्या उतरले. वाकले. आणि वाकल्यावर त्यांना वास आला.

वर बघितलं. कुंडाच्या वरच्या भिंतीत दोन दगडांच्या सांध्यातून एक काळपट ओल उतरत होती. झऱ्याच्या बाजूची नव्हे. भक्तनिवासाच्या बाजूची. अण्णांनी बोट लावलं. बोट नाकाशी नेलं.

मंडळी, या क्षणाला अण्णांना सगळं कळलं. सगळं! मेथी कशात बुडाली, गाव कशानं पडलं, आणि खड्डा तिथं कुणी घ्यायला लावला. कळायला काही राहिलं नाही.

अण्णांनी तांब्या पायरीवर पालथा केला आणि रिकामा घेऊन परत आले. आजी म्हणाली, “तीर्थ?” अण्णा म्हणाले, “आजी, पावसानं गढूळ झालंय.”

खरंच होतं की! गढूळ होतंच. धरा जमेला, एक खरं वाक्य.

महाराज, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आलं ना मनात? अहो, मी कीर्तनाला आलोय, पंचनाम्याला नाही. आख्यान ऐका.

तिसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी अण्णांना बोलावलं. तरुण पोरगी, लातूरकडची, गावात नवी. झोप नाही, डोळे लाल. उरलेली मेथी तिनं तपासायला पाठवली होती.

“अण्णा, निकाल आला. भाजीत मैल्याचे जंतू आहेत. माणसाच्या मैल्याचे.”

“भाजीत?”

“पानांवर. घाण पाणी लागलंय. पालेभाजीचं असंच असतं, घडीघडीत बसतं, नुसतं खळबळून जात नाही. शिजवली असती तरी पुष्कळ वाचलं असतं. लोकांनी खाल्ली कच्ची! त्या बाईंच्या मळ्याला पाणी कुठलं?”

“विहिरीचं. ओढ्याकाठची विहीर आहे.”

“आणि ओढ्यात गावाचं सांडपाणी जातं?”

“जातं.”

“मग पाझरलं असेल विहिरीत. आणखी काही सांगण्यासारखं आहे, अण्णा?”

बघा हं. ही पोरगी परगावची. मेथी कुंडात बुडवतात हे तिला ठाऊक नाही. गावातल्या कुणी सांगितलं नाही. कारण ते सांगायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात नाही! तीर्थात बुडवणं म्हणजे त्यांच्या लेखी घाण लावणं नव्हे, घाण काढणं. शुद्ध करणं! आपण देवाचं नाव दिलं की त्या वस्तूकडं बघायचं सोडतो, मंडळी. वाईट बघायचंही सोडतो आणि चांगलं बघायचंही.

पण अण्णांना ठाऊक होतं. आणि विचारणारी सरळ विचारत होती — आणखी काही?

अण्णा म्हणाले, “लोकांना लगेच सावध केलं पाहिजे.”

खरं की खोटं? खरं! धरा जमेला.

आणि सावध केलं हो! देवळाच्या भोंग्यावरून, स्वतःच्या आवाजात. “ग्रामस्थांनो, ऐका. आपल्या गावच्या पालेभाजीत रोगाचे जंतू सापडले आहेत. कच्ची पालेभाजी कोणीही खाऊ नये. पिण्याचं पाणी उकळून प्यावं. कुंडात गाळ साचला आहे, साफसफाईसाठी कुंड आजपासून बंद आहे.” एक अक्षर खोटं नाही. उलट या सूचनेनं माणसं वाचली, हेही लिहा. सूचना खरी, आवाज खरा, माणूस खरा. आणि गाव काय समजलं? भामाबाईच्या भाजीनं मारलं!

त्या हगवणीत पारूची पोर गेली होती. सुताराच्या घरची. चिमी म्हणायचे. घास घेताना आणखी एक चिमूट मागून घेतली होती तिनं. आंबट लागलं म्हणून.

विठ्ठल… विठ्ठल…

सूचना झाली आणि तासाभरात भामाबाई अण्णांच्या ओट्याशी. डोक्यावरचा पदर मागं पडलेला. तिचा पडलेला पदर गावानं कधी पाहिला नव्हता.

“अण्णा, माझ्या मेथीनं झालं?”

अण्णा म्हणाले, “बस, भामाबाई.”

“बसायला नाय आले. लोकं म्हंत्यात ते म्हंत्यात. लोकांचं तोंड मी बाजारात रोज बघते, त्याला मी भीत नाय. तुमी सांगा. तुमी म्हनलात तर झालं. माझ्या मेथीत घान हुती?”

“तपासणीत निघाली, भामाबाई.”

“माझ्याच?”

“तुझ्याच.”

धरा जमेला! दोन धरा.

“पर मी तर पान न पान बघितलं वो… हीर उपसली हुती मागच्या सालीच… कशानं झालं आसंल, अण्णा?”

इथं, मंडळी, इथं देवानं अण्णांना जागा ठेवली होती. मोकळी जागा. ओट्यावर तिसरं माणूस नव्हतं. नुसतं ‘कुंड’ एवढा एक शब्द टाकायचा होता, बाकीचं तिनंच ओळखलं असतं. अण्णांनी घसा साफ केला. भामाबाई त्यांच्या तोंडाकडं बघत होती, जसं आपण पंचांगाकडं बघतो, जे निघेल ते मानायचं म्हणून.

अण्णा म्हणाले, “पाण्यानं झालं म्हणतात डॉक्टरीणबाई.”

भामाबाईनं मान हलवली. “हिरीच्या.” स्वतःच म्हणाली ती! तो शब्द अण्णांचा नव्हे. आणि निघून गेली.

मळ्यात जाऊन तिनं काय केलं? मेथी उपटली. पालक, माठ, शेपू, चुका… सगळं उभं पीक, हातानं, खुरपंसुद्धा न घेता. गुरांनाही घातलं नाही. खड्डा करून पुरलं. शेजारणी बांधावर उभ्या राहून बघत होत्या. एक म्हणाली, “आता उपटून काय उपेग, भामे?” दुसरी म्हणाली, “आणखी कुणाच्या घरी पाठवायची हुती का?” रोज हिच्याकडून कोथिंबिरीची काडी फुकट नेणाऱ्या या!

आणि मग ती सुताराच्या घरी गेली. दारात माणसं बसलेली, अण्णाही होते. भामाबाई थेट आत गेली आणि पारूच्या पायावर डोकं ठेवलं. “पोरी, मी मारली गं तुझी चिमी. मला काय बी कर.” पारूनं काय केलं? तिनं पाय मागं घेतले. मारलं नाही, शिवी दिली नाही, नुसते पाय मागं घेतले, निखाऱ्यावर पडल्यासारखे. भामाबाई तशीच जमिनीवर.

अण्णा उंबऱ्याच्या आत एक पाऊल आले. सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. अण्णा काय म्हणतात?

अण्णा म्हणाले, “भामाबाईनं जाणूनबुजून काही केलं नाही.”

गाव म्हणालं, बघा, केवढं मन! दोषी बाईचीही बाजू घेतली!

अहो, हे वाक्यसुद्धा खरंच की. सोन्यासारखं खरं. मी सांगतो, त्या दिवशी अण्णा साधं खोटं बोलले असते, ‘मी कधी शोषखड्डा बांधलाच नाही’ असं काहीतरी भोळसट, तर पकडले गेले असते. खोटं पकडता येतं. खऱ्याला कुठून धरणार? त्याला शेपूटच नसतं!

पुढं काय? पुढं अण्णांनी काम केलं. भक्तनिवास दुरुस्तीला म्हणून रिकामा केला. खड्डा बुजवला, खालच्या बाजूला दुसरा घेतला. हो, कमानीजवळ! कुंड उपसलं, भिंत सिमेंटानं भरली, चुना टाकला, पुन्हा उपसलं. स्वतःच्या शेताचं काम टाकून तिथं उभे राहिले. झरा पुन्हा आरशासारखा. रोगही गेला. आणि गाव काय म्हणालं? “बघा! भामाबाईची भाजी बंद झाली अन् रोग गेला!” झाला की नाही पुरावा? अण्णांनी चूक निस्तरली, आणि निस्तरता निस्तरता भामाबाईवर शिक्का आणखी पक्का बसला. तुम्ही म्हणाल, महाराज, निस्तरली ना चूक, मग झालं! चूक निस्तरली हो. तिच्याखाली चिरडलेलं माणूस कुणी उचललं?

पुढच्या श्रावणाआधी देवळात बैठक. हिरव्या घासाचा मान कुणाकडं? कुणाला तोंड उघडावंच लागलं नाही. भामाबाई स्वतः आली. घासून लख्ख केलेली तांब्याची परात घेऊन. आजेसासूच्या हातची परात. मधोमध ठेवली. “दुसऱ्या कुणाला द्या. आमच्या घरानं लई वरसं मान घेतला, आता पुरं.” कुणीतरी म्हणालं, “रासकरांना द्यावा. अण्णा, तुमचं काय मत?”

अण्णा म्हणाले, “गावाच्या मनात असेल तर माझी हरकत नाही.”

परात उचलली गेली.

त्या पावसाळ्यात एकदा अण्णा तिच्या मळ्यावर गेले. का गेले? मला विचाराल तर त्यांना झोप लागत नसेल असं म्हणण्याची माझी फार इच्छा आहे. पण हिशोबात इच्छा लिहीत नाहीत. गेले एवढं खरं. बघतात तो सगळा मळा पिवळाधमक. झेंडू! वाफ्यावाफ्यात झेंडू.

“भामाबाई, मेथी नाही लावली?”

“खायचं काय लावतच नाय आता, अण्णा. माणसाच्या तोंडात जाईल असं काय बी. ह्यो झेंडू बरा. देवाच्या गळ्यात जातो, देवाला काय हुत नाय.”

“अगं, पाणी आता स्वच्छ आहे. लाव. मी सांगतो ना, काही होणार नाही.”

“तुमी सांगताय म्हंजी खरंच आसंल. पर हात धजत नाय. पुण्याहून नातवंडं आली, सून म्हनली, आत्या, तुमी सैपाकघरात नका येऊ, मी करते. चांगलंच म्हनली ती. पोरांची आई हाय.” आणि मग ती झेंडूतून बाहेर आली, पदरानं हात पुसले, आणि म्हणाली, “अण्णा, एक मनात हुतं. तुमी खरं बोललात म्हनून मला कळलं. दुसरं कुनी असतं तर माझी भीड धरून गप बसलं असतं, अन् मी इकतच राहिले असते! आनखी किती लेकरं मेली असती माझ्या हातनं. तुमचं उपकार हायत.”

आणि तिनं वाकून अण्णांच्या पायाला हात लावला.

मंडळी, पारूनं पाय मागं घेतले होते. अण्णांनी घेतले नाहीत.

अण्णा म्हणाले, “सुखी राहा.”

आता हे सांगा मला, हे वाक्य जमेला धरू की नावे?

बोला ना! खांबाला टेकलेले, तुमचं ‘नाही’ अजून माझ्याजवळ आहे. बदलायचं?

आता तुम्ही वाट बघताय. मला ठाऊक आहे, वीस गावं फिरलोय मी. आख्यान इथवर आलं की श्रोता पुढं सरकतो, कारण आता देव येणार! अण्णांना लकवा होणार, जीभ झडणार, नाहीतर शेवटी देवळाच्या पायरीवर रडत रडत सगळं कबूल करणार. मग तुम्ही डोळे पुसणार आणि हलके होऊन घरी जाणार.

नाही! तसं काही झालं नाही. अण्णा ठणठणीत आहेत. दात शाबूत आहेत. रोज सकाळी कुंडाचं तीर्थ घेतात, त्या पाण्यात आता वाईट काही नाही, त्यांनीच साफ केलंय. बांधाचे वाद अजून त्यांच्याकडं येतात आणि ते अजून खरंच बोलतात. गेल्या साली त्यांचा सत्कार झाला. सत्काराला हार झेंडूचा होता. कुणाच्या मळ्यातला, ते विचारू नका. आणि भामाबाई? भामाबाई मेली तेव्हा शेवटचं पाणी तोंडात घालायला सून पुढं झाली, तर भामाबाईनं हात वर केला आणि विचारलं, “उकळलंय का?” स्वतःसाठी नाही हो. सुनेची बोटं त्या पाण्यात ओली झाली होती, तिला काही होऊ नये म्हणून.

आता माझ्याकडं बघा. अण्णांना शिव्या देऊ नका. फार सोपं आहे ते, अण्णा इथं बसलेले नाहीत. बसलेत कोण? आपण! भाजी घेताना आपण पान उलटून बघतो. कीड आहे का, चिखल आहे का, डाग आहे का. मावशी, किती बारकाईनं बघता! पण आपण स्वतः जे खरं बोलतो, ते कधी उलटून बघितलं? दुकानदार, तू म्हणालास, ‘माल कालच आलाय.’ आलाय, कालच आलाय. पण कुठून? सासूबाई, तुम्ही म्हणालात, ‘मी सुनेला एक शब्द बोलले नाही.’ नाही बोललात, महिनाभर एक शब्द बोलला नाहीत! मास्तर, पुढारी, डॉक्टर, आणि हो, बुवाही. जिभेचा हिशोब आपण सगळेच चोख ठेवतो. ज्या जागी बोलायला हवं होतं आणि तोंड मिटलं, ती पानं मात्र कोरी. आणि कोरं पान म्हणजे देणं नाही, असं आपण समजतो!

आपल्या प्रत्येकाच्या एखाद्या खऱ्या वाक्याखाली कुणीतरी गाडलेलं आहे. ती बाई असेल, भाऊ असेल, कामावरून काढलेला गडी असेल. आणि बहुतेक ते माणूस आपल्याला भेटलं की नमस्कारच करतं. म्हणून तर आपल्याला कळत नाही!

आता आरती व्हायची आहे. निरांजनं लावलीत, कापूर तयार आहे. पण मी जरा थांबतो. इथं कुणाला कुणापाशी एवढं एकच वाक्य बोलायचं असेल, ‘तू नव्हतास, मी होतो’, तर त्यानं आत्ता उठावं. ते माणूस इथंच बसलेलं असेल, गाव लहान आहे. बाकीचे खाली बघतील, मीही खाली बघतो. वेळ आहे. मला घाई नाही.

…

…

कुणी नाही?

पेटीवाले, पेटी थांबवू नका, सूर धरून ठेवा. आणखी थोडं थांबू.

…

बरं. मग उठा सगळे आरतीला. टाळ घ्या. आणि टाळकऱ्यांनो, आज जरा मोठ्यानं वाजवा, फार शांत झालंय इथं!